कमलला तू ‘येईल’ म्हणालास

हर्षद,

तू गेल्यापासून लोक मला विचारतात, कसा होता गं तुझा तो डहाणूचा पार्टनर? आणि मला पटकन उत्तर देता येत नाही. तू असताना सहज दिलं असतं. ‘नन्नाचा पाढा’ म्हणाले असते, आणि पलीकडच्या टेबलावरून तू ‘पाढा नाही, शिस्त!’ असं ओरडला असतास. आता मी हे उत्तर द्यायला तोंड उघडते आणि मधेच थांबते. कारण तू गेल्यानंतर महालक्ष्मीच्या जत्रेत मला कमल भेटली आणि तिने मला तुझा एक शब्द सांगितला. त्या एका शब्दाने माझी पाच वर्षं उलटीपालटी केली आहेत. हे लिहून ती सरळ होतील असं नाही. पण भांडण तुझ्याशी आहे, तर बोलायचंही तुझ्याशीच.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे मलाच नीट लागेल.

२०१४ साली तू पुण्याची नोकरी सोडून डहाणूला, गावी परत गेलास तेव्हा आम्ही पुण्याचे सहकारी सगळे हसलो होतो. चिकूच्या वाडीत बसून आता हा काय संशोधन करणार? मग काही महिन्यांनी तुझा फोन आला. “मीनल, तळासरीच्या सिकलसेलवाल्या मुलांचं रक्त पुण्याला पोचतं तोवर मरून जातं. पेशी जिवंत हव्या असतील तर आपणच तिथे गेलं पाहिजे. जागा मिळाली आहे.”

“तिथे वीज असते का?”

“अरे, असते ने! पण मूडवर असते.”

जागा म्हणजे बंद पडलेला फुग्यांचा कारखाना. तुझ्या ओळखीच्या एका ट्रस्टने वरचा मजला दिला होता. भिंतींतून उन्हाळ्यात रबराचा वास यायचा आणि गावात सगळे आपल्याला फुगेवाली लॅब म्हणायचे. तुला ते आवडायचं. माझ्या आईला फोनवर मी ‘आरएनएवर आधारित उपचारपद्धती’ असं काहीतरी सांगायचे, आणि तू शेजारून सांगायचास, “मावशी, फुगे फुगवतो आम्ही, बारीक बारीक. त्यात औषध भरतो.” खरं तर ते बरोबरच होतं. चरबीच्या सूक्ष्म फुग्यात आरएनएचा तुकडा भरून तो पेशीपर्यंत न्यायचा, हेच तर काम होतं. तुकडा मी बनवायचे, फुगा तू.

तुझी शिस्त आठवली की अजूनही हात आपोआप मागे जातात. माणसाच्या घामात, थुंकीत, बोटांच्या टोकांवर आरएनए खाऊन टाकणारी द्रव्यं असतात. त्यामुळे तुझ्या टेबलाशी बोलायचं नाही, हातमोज्याने नाक खाजवायचं नाही, हसायचं तर बाहेर जाऊन हसायचं. ट्रस्टचे शेठ पाहुण्यांना घेऊन लॅब दाखवायला आले, तेव्हा त्यांना तू सगळ्यांसमोर तुमच्या गुजरातीत “शेठ, मोढुं बंध राखो” म्हणालास. मला वाटलं, गेली जागा. शेठ मात्र तोंडावर रुमाल धरून निमूट उभे राहिले आणि जाताना मला म्हणाले, “हा माणूस कामाचा आहे.”

असा माणूस. प्रयोग तीनदा तसाच झाला नाही तर झाला म्हणायचं नाही. तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नसेल तर आकडे बघायचेसुद्धा नाहीत. आणि कुणाला, अगदी कुणालाही, होईल असं सांगायचं नाही.

तळासरीच्या त्या पहिल्या शिबिराचं बघ. शाळेच्या वऱ्हांड्यात आपण टेबल मांडलं होतं. सिकलसेल असलेल्या मुलांचं थोडं रक्त आपल्याला हवं होतं. पाड्यांवरून आयाबाया मुलांना घेऊन आल्या होत्या. तू उभा राहून समजावून सांगितलंस, आणि मी इतकं सोपं कधी कुणाला सांगताना ऐकलं नव्हतं. “पोटातल्या बाळाचं रक्त वेगळं असतं. त्याच्या लाल पेशी गोल राहतात. बाळ जन्मलं की शरीरातला एक मुकादम निरोप पाठवतो, की आता जुनं काम बंद, नवीन सुरू. ह्या मुलांचं नवीन काम बिघडलेलं आहे. पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि हाडं दुखतात. आम्हाला तो निरोप वाटेत गाठून फाडायचा आहे. म्हणजे जुनं काम परत सुरू होईल.”

पुढे बसलेल्या एका बाईने विचारलं. मांडीवर पाच-सहा वर्षांची मुलगी, पाय पोटाशी घेऊन निजलेली. ती कमल, आणि तिची आरती. कमलचा नवरा गुजरातच्या बाजूला बोटीवर खलाशी, वर्षातले बरेच महिने समुद्रात. ती दुसऱ्यांच्या वाडीत चिकू काढायला जायची.

“आता रगत दिलं, तर हिला काय मिळेल?”

मी काहीतरी गोडसर बोलायला तोंड उघडलं होतं. तू आधी बोललास. “हिला काही नाही. दवाखान्याच्या गोळ्या चालू ठेवा, त्याच कामाच्या आहेत. आमचं औषध झालं तरी खूप वर्षांनी. कदाचित होणारही नाही.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी तुझ्यावर उखडले होते. एवढं तोडून बोलायची काय गरज होती? तू बाहेर बघत म्हणालास, “मग काय बोलू? येईल? आणि नाही आलं तर तिच्या दारात तू जाणार की मी?”

त्या दिवशी कमलने रक्त दिलं होतं, आरतीचंही आणि स्वतःचंही. त्यानंतर दर वेळी देत राहिली.

मग आपली ती न संपणारी लढाई. काचेच्या बशीत, कमलच्या मुलीच्या पेशींवर, माझा तुकडा काम करत होता. निरोप फाटत होता, पेशी गोल राहत होत्या. तू ते मान्य करायचास, पण पुढच्याच श्वासात म्हणायचास, “पोचत नाही.” खरं होतं ते. रक्त बनतं हाडांतल्या मज्जेत, आणि नसेतून सोडलेले आपले फुगे जवळजवळ सगळे लिव्हर गिळून टाकायचं. “मज्जेपर्यंत जात नाही तोवर कसली मजा, मीनलबेन?” हा तुझा विनोद मी इतक्या वेळा ऐकला की शेवटी शेवटी तू फक्त ‘मज्जा’ म्हटलंस तरी मी स्टूल सरकवून उठून जायचे.

माझं म्हणणं होतं, लोखंड वापरून बघू. रक्त बनवणाऱ्या कोवळ्या पेशी लोखंडाच्या भुकेल्या असतात. रक्तातून लोखंड वाहून नेणारं जे प्रथिन असतं ते फुग्याच्या अंगावर चिकटवलं तर त्या पेशी त्याला स्वतःहून आत ओढून घेतील. तू पहिल्यांदा ऐकलंस आणि म्हणालास, “लोखंड तर लिव्हर पण खातं.” दुसऱ्यांदा म्हणालास, “पुस्तकात छान वाटतं.” नंतर तू उत्तर देणंही सोडलंस. नुसती मान हलवायचास, दुकानदार उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हलवतो तशी. दोन वर्षं हे चाललं. आपण त्यावरून इतकं भांडलो की खालचा वॉचमन जिन्यात येऊन बघून जायचा, आणि लगेच आपण चहा प्यायला एकाच टपरीवर जायचो. तिथेही तू मस्का पाव माझ्याकडे सरकवायचास आणि म्हणायचास, “खा. लोखंड नाही त्यात.”

२०१८च्या शेवटाला जमीन हलायला लागली. डहाणू, तळासरीच्या पाड्यांत धक्क्यांवर धक्के. भिंतींना भेगा गेल्या, लोक घरात झोपेनात, ऐन थंडीत शेतात आणि अंगणात तंबू पडले. लॅबमध्ये बाटल्या एकमेकींवर किणकिणायच्या आणि तू धावत जाऊन दोन्ही हातांनी फ्रीझर धरायचास, जणू धरल्याने तो थांबणार होता. मी हसायचे. भीतीही वाटायची. रविवारी तू तळासरीला जायला लागलास. ताडपत्र्या, चादरी, आरतीच्या दुखण्यावरच्या गोळ्या घेऊन. मला सांगायचास, “नमुन्यांसाठी ओळख ठेवली पाहिजे.” मी विश्वास ठेवला. तुझ्याबाबत मी नेहमी सगळ्यात कोरडं कारण खरं धरत आले.

आणि मग जानेवारीतला तो सोमवार. तू आलास, बॅग ठेवलीस, हात धुतलेस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, “तुझं लोखंडवालं करू या.”

मला वाटलं थट्टा आहे. मी म्हटलं, “सकाळी सकाळी सुरू करू नकोस.”

“थट्टा नाही. करू या ने.”

“दोन वर्षं लिव्हर खातं म्हणत होतास ना?”

“खाईल. बघू या किती खातं.”

का, ते तू सांगितलं नाहीस. मी तीन-चारदा विचारलं. तू फुगे बनवायला लागलास, इतक्या घाईने की मला तू ओळखू येईनास. जेवायला थांबायचा नाहीस. मस्का पाव बंद. आणि फेब्रुवारीत, मुंबईच्या संस्थेत उंदरांवरचं काम लावायची वेळ आली तेव्हा तू म्हणालास, तुलनेचा गट नंतर लावू, आधी एवढं पाठवून बघू.

तू म्हणालास हे! हर्षद, तू!

मला आठवतं, मी पिपेट खाली ठेवली. “तुलनेचा गट नसेल तर जे दिसेल ते काय आहे हे कळणार कसं?”

“नंतर लावू. वेळ नाही.”

“कसला वेळ नाही? कोण मागे लागलंय?”

तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मी तेव्हापासून आठवत बसले आहे. राग होता का? लाज होती का? मला तेव्हा फक्त हट्ट दिसला. मी म्हटलं, असं काम माझ्या नावाने जाणार नाही. तू म्हणालास, “ठीक, माझ्या नावाने जाईल.” आणि स्वतः फुग्यांचा डबा घेऊन मुंबईला गेलास. पुढचे काही दिवस आपण कामापुरतं बोललो. मग थोडं थोडं पूर्ववत व्हायला लागलं होतं. एका सकाळी माझ्या टेबलावर चिकूची पिशवी ठेवलेली होती, तुझ्या आईच्या, बांच्या वाडीतली. मी खाल्ले. तुला काही म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात तू गेलास. सकाळी दात घासताना, बेसिनपाशी. अटॅक. इतकं साधं, इतक्यात.

तुझ्या घरी मी रोज जात होते. बा खाटेवर बसलेल्या असायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाणी दिलं की नाही एवढंच बघायच्या. एकदा कुणी नव्हतं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. “तारा विशे रोज बोलतो. कहेतो, मीनल जिद्दी छे, पण खोटी नथी.”

म्हणजे तू माझ्याबद्दल रोज बोलायचास, मीनल हट्टी आहे पण खोटी नाही म्हणायचास. आता तूच सांग, याचं मी काय करू? तुमच्या भाषेत खोटी म्हणजे चुकीची. आमच्या भाषेत खोटी म्हणजे लबाड. तुला काय म्हणायचं होतं? माझी कल्पना चुकीची नाही असं, की मी बाई म्हणून खरी आहे असं? पहिलं असेल तर दोन वर्षं मला का छळलंस? दुसरं असेल तर ते बांना सांगण्याऐवजी मला एकदा सांगायला काय झालं होतं? बांना मी विचारलं नाही. त्यांना विचारणार तरी कसं? त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “चा पीशे ने?” मी चहा प्याले.

मग एप्रिल. विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली. दर वर्षी आपण सगळे जायचो, तुझ्या गाडीतून, आणि तू पाळण्यात बसायला घाबरायचास. यंदा मी एकटी गेले. का गेले ते सांगता येत नाही. लॅबमध्ये बसवत नव्हतं एवढंच खरं. सुक्या मासळीच्या दुकानांपाशी गर्दीत कुणीतरी माझा दंड धरला. कमल. बरोबर आरती, आता चांगली उंच झालेली, हातात बर्फाचा गोळा. आणि कमलचं पोट पुढे आलेलं.

“डॉक्टर गेले म्हणे,” ती म्हणाली. “मना विश्वास नाय बसला. पंधरा दिवस आधी तर आले होते.”

मी तिच्या पोटाकडे बघत होते. तिला ते कळलं. ती आणि तिचा नवरा, दोघांच्याही रक्तात तो दोष आहे हे आपणच तपासून सांगितलं होतं. प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता. त्यानंतर तिने मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं, हे तिनेच मला सांगितलेलं.

“घाबरू नका,” ती मलाच म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलंय. ह्या पोरासाठी औषध येईल.”

“कोणी सांगितलं?”

“आपल्या डॉक्टरांनी. येईल म्हणाले.”

गर्दीचा लोट आला आणि ती पुढे सरकली. मी तिथेच उभी. माझ्या कानात ढोल आणि तारपा वाजत होते. तू ‘येईल’ म्हणालास. पोचत नाही, पोचत नाही म्हणून माझं डोकं उठवणारा तू, ज्याने त्या वऱ्हांड्यात सहा वर्षांच्या मुलीच्या आईला हिला काही नाही असं तोंडावर सांगितलं, त्याने एका बाईला ‘येईल’ सांगितलं, आणि त्या शब्दावर भरवसा ठेवून तिने मूल होऊ दिलं? मी परत आले ती तुझ्यावर थुंकावंसं वाटत. खरं सांगते. शोक वगैरे कुठच्या कुठे गेला. पुढचे काही महिने मी तुझ्या फोटोकडे बघितलं नाही. शेठ म्हणाले लॅबमध्ये फोटो लावू, मी म्हटलं नंतर.

त्याच सुमारास मुंबईहून तुझ्या उंदरांचा निकाल आला. आरएनएला जोडलेला चमकणारा रंग लिव्हरमध्ये भरपूर होता, तू म्हणाला होतास तसाच. आणि मज्जेत होता का? होता असं म्हणता येईल. पुसट. इतका पुसट की तो रंग आहे की आपल्या डोळ्यांची हौस, हे तुलनेच्या गटाशिवाय सांगताच येत नाही. आणि तुलनेचा गट तू लावला नव्हतास. मी ती चित्रं उजेडात धरली, पडदे ओढून बघितली, वॉचमनलासुद्धा दाखवली. तो म्हणाला, “म्याडम, मला तर सगळं काळंच दिसतं.” मग मी हसले आणि हसता हसता रडले. तुला हाक मारावीशी वाटली, की ये आणि बघ, हे काय आहे सांग, आणि नसेल तर ‘पोचत नाही’ म्हण, माझी हरकत नाही.

पोचलं की नाही हे न कळणं पोचलं नाही यापेक्षा वाईट असतं. तुलनेच्या गटासकट सगळं परत लावलं आहे. उत्तर यायचं आहे.

कमल बाळंत झाल्याचं तिच्या पाड्यावर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडून कळलं. मुलगा. पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा मी तळासरीला गेले. पिशवीत टाचेला टोचायची सुई आणि रक्ताचा थेंब घ्यायचा कागद होता. बाळाला काय आहे ते लवकर कळलेलं बरं, एवढं कारण होतं. खरं कारण हे, की कमल विचारणार होती, औषध येईल ना, आणि आता तू नसताना कुणीतरी तिला खरं सांगायला हवं होतं. सबंध वाटेत मी वाक्यं जुळवत होते. डॉक्टर चुकले असं सांगू? डॉक्टर खोटं बोलले असं? की त्यांना वाटत होतं, पण अजून काही नक्की नाही?

घराच्या भिंतीची भेग शेणामातीने लिंपलेली होती, पण तंबूची ताडपत्री अजून अंगणात बांधलेलीच. ती तूच आणलेली. आरती शाळेत गेली होती. कमल बाळाला मांडीवर घेऊन दारात बसली होती. मी बसले, बाळाला बघितलं, खाऊ दिला, आणि मग मला राहवलं नाही. विचारलं, “कमल, डॉक्टर येईल म्हणाले म्हणून तू हे मूल ठेवलंस?”

“म्हणून नाय. मी तवा तीन महिन्यांची होते. दिवाळीला हा घरी आला होता ना.” हा म्हणजे नवरा. “मना कळलं तेव्हा जमीन हलायला लागली होती. दवाखाना, तंबू, आरतीचं दुखणं... राहून गेलं. मग म्हटलं, राहू दे. तवा डॉक्टरांना सांगितलं.”

“आणि ते काय म्हणाले?”

“मी विचारलं, ह्यालापण आरतीसारखं झालं तर? म्हणाले, माहीत नाय. परत विचारलं. परत म्हणाले, माहीत नाय. मी रडायला लागले. तेवढ्यात धक्का आला, मोठा. भांडी पडली. आम्ही सगळे बाहेर पळालो. तिथं,” तिने अंगणाकडे हनुवटी केली, “तिथं उभे होते डॉक्टर. माझ्याकडे बघून म्हणाले, येईल. मी म्हटलं, काय येईल? अजून धक्का येईल? की औषध?”

“मग?”

कमल हसली. “म्हणाले, दोन्ही.”

हर्षद, मला ते ऐकून हसू आलं. ती हसत होती, मी हसत होते, बाळ दचकलं. आणि त्यानंतर माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. म्हणजे तू तिला फसवलं नाहीस. ती आधीच ठरवून बसली होती आणि तू फक्त रडणं थांबवलंस. चार महिने मी तुझ्यावर उगाच डाफरत होते. ठीक. पण मग तो शब्द काय होता? समोर रडणारी बाई, पायाखाली हलती जमीन, त्यात तोंडून निघालेला धीर? घाबरून केलेला विनोद? विनोदच असेल तर दुसऱ्या दिवशी सोमवारी येऊन ‘तुझं लोखंडवालं करू या’ का म्हणालास? आणि मनापासून म्हणाला असशील, तर तुलनेचा गट सोडून, आयुष्यभराची शिस्त सोडून, अशी घाई करून तू ते सिद्ध तरी कसं करणार होतास? धीर द्यायला म्हणालास आणि मग शब्द खरा करायला धावलास, असं असेल का? की तुझ्या मनात ते आधीपासून होतं, माझ्या कल्पनेवर तुझा विश्वास होता, आणि ‘पोचत नाही’ हे तू मला म्हणत होतास ते मी ढिली पडू नये म्हणून? मी एकेक धरते आणि एकेक सोडते. तू सांगितलं असतंस तर एका वाक्यात संपलं असतं. सोमवारी सकाळी, हात धुताना. ‘कमलला दिवस गेलेत.’ एवढं सांगायचं. मी भांडले नसते, रे. कदाचित जास्तच भांडले असते. तेही माहीत नाही.

ज्या प्रश्नाची वाक्यं मी रस्ताभर जुळवली होती, तो प्रश्न कमलने मला विचारलाच नाही. औषध येईल का, नाही विचारलं. मी वाट बघत बसले. तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, ऊन बघितलं, आरतीची शाळा सुटायची वेळ झाली म्हणाली. शेवटी मीच पिशवीतून सुई आणि कागद काढला.

“टाचेतून एक थेंब घेते. ह्याला आहे की नाही ते कळेल.”

तिने बाळाची पावलं लुगड्याच्या ओच्यात झाकली. “आताच?”

“लवकर कळलेलं चांगलं. काही असलं तर गोळ्या वेळेवर सुरू करता येतात.”

“गोळ्या कधी सुरू करतात?”

“दोन महिन्यांचा झाला की.”

तिने मान हलवली. “मग दोन महिन्यांचा झाला की या. सिस्टर लस द्यायला येते तेव्हाच या. मी घरीच असेन.” मी काही बोलायच्या आत म्हणाली, “तवर त्याला नुसतं पोर राहू द्या, बाई.”

मी तिला समजावू शकले असते. कागद नेऊन दोन दिवसांत सांगते, तोवर तुझ्या मनाची तयारी होईल, असं म्हणू शकले असते. ते चूकही नव्हतं. मी सुई परत ठेवली. तिने बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि आत चहा ठेवायला गेली. ते गरम, जड, दुधाचा वास येणारं पोर माझ्याकडे बघत होतं की नाही कोण जाणे, ह्या वयात त्यांना दिसतंच किती. मी त्याच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

तू असतास तर टोचलं असतंस का? मी बरोबर केलं का? मला खरंच कळत नाही, हर्षद. दसऱ्याच्या सुमारास तो दोन महिन्यांचा होईल, तेव्हा मला परत जायचं आहे. त्या दिवशी टोचीन.